निम्मा खेळ

साहेबाने सुनेने शिवलेला चेंडू उचलला, शिवणीवर अंगठा दाबला आणि मान हलवली. टाका सैल होता. तो फळ्याकडे वळला. सुनेच्या नावापुढे दोन रेघा आधीच होत्या.

शिवणघरात चाळीस बायका, ऐंशी सुया. सगळ्या थांबल्या.

तीन रेघा झाल्या की घरी, आणि घरी म्हणजे कायमचं. नियम या नव्या साहेबाने आणलेला. हे चेंडू ज्या खेळासाठी जातात त्या बेसबॉलमधलाच नियम आहे म्हणे. तीन चुका झाल्या की माणूस बाद. तो खेळ त्या खोलीत एकीनेही पाहिलेला नव्हता.

"ओढा साहेब, रेघ ओढा," सुनेशेजारी बसलेली तिची सासू म्हणाली. "पण आधी मला एक सांगा."

सासू त्या कारखान्यातली सगळ्यात जुनी. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत, साहेबसुद्धा. घरात कमावणारे हात चारच होते, दोन तिचे आणि दोन सुनेचे.

"काय मोठ्या बाई?"

"हा खेळ असतो तरी कसा? बावीस वर्षं चेंडू शिवतेय. कुणी सांगितलंच नाही."

साहेबाचा खडू फळ्याला लागता लागता राहिला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. गडी एकदम खुलला.

"सोपा आहे हो. एक जण चेंडू टाकतो, दुसरा दांडू घेऊन उभा असतो. चेंडू गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या टप्प्यात आला आणि त्याने मारला नाही, की एक स्ट्राइक. असे तीन झाले की बाद."

"आणि टाकणाऱ्यानंच भलतीकडे टाकला तर?"

"मग स्ट्राइक नाही. त्याला नुसतं 'बॉल' म्हणतात."

"बॉलला बॉल म्हणतात? फार डोक्याचा खेळ आहे हो."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबही हसला.

"असे चार वाईट टाकले की दांडूवाला फुकटात पुढे जातो. पळायचंही नाही. रमतगमत चालत जायचं."

"म्हणजे टाकणाऱ्याच्या चुकाही मोजतात."

"मोजतात की!"

"मग आपल्या फळ्यावर ती बाजू कुठंय?"

साहेबाला कळेना. सासूने टोपलीतून चामड्याचा एक तुकडा काढून त्याच्यापुढे धरला.

"चामडं ओलसर यायला हवं, तर टाका बसतो. सोमवारपासून कोरडं ठणठणीत येतंय. वाईट टाकायचं तुम्ही आणि रेघा सोसायच्या माझ्या सुनेनं?"

साहेबाने तुकडा चिमटीत धरला, उलटा केला, सुलटा केला. ओलसर म्हणजे किती ओलसर, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. त्याने समोरच्या बाईकडे पाहिलं.

"कोरडंच येतंय साहेब," ती म्हणाली. तिच्या शेजारणीनेही मान डोलावली.

"चामड्याचं बघतो मी. पण हा चेंडू तर..."

"थांबा. दोन स्ट्राइक झालेत. चेंडू दांडूला लागला, पण गेला भलतीकडे. मग?"

"तो फाऊल." साहेब घुटमळला. थाप मारली असती तरी तिथे कुणाला पत्ता लागणार होता? पण खेळावर त्याचा जीव होता. "दोन झाल्यावर फाऊल तिसरा धरत नाहीत. पुन्हा मारायचं."

"किती वेळा?"

"कितीही वेळा."

"बघा! खेळाला माया आहे. तुम्ही निम्माच उचलून आणलात." सासूने चष्मा नाकावर चढवला. "आणि हे सगळं ठरवतो कोण?"

"पंच."

"तो टाकणाऱ्याच्या घरचा असतो का हो?"

आता कुणी हसलं नाही. साहेबाचे कान लाल झाले. त्याने खडू फळीवर ठेवला आणि हात झटकले.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "खेळायचं तर पुरा खेळू. उद्या सकाळी मी स्वतः उभा राहून चामडं भिजवून घेतो. तुमची सून माझ्यासमोर दहा चेंडू शिवेल. ते नीट निघाले तर या दोन रेघाही पुसतो."

सासूने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

"नाही निघाले तर मात्र..." साहेबाने पुढचं बोलायचं टाळलं आणि तो गेला. बायकांनी मोठ्या बाईंकडे कौतुकाने पाहिलं. सुया पुन्हा चालू झाल्या.

"आई," सून खालच्या आवाजात म्हणाली, "चामडं चांगलं होतं."

"मला हात नाहीत? कळतं मला."

"मग उद्या?"

"शिव मुकाट्यानं."

सुनेने नवा चेंडू गुडघ्यांत धरला. दोन्ही हातांत दोन सुया, लाल दोरा. टाके एकशे आठ. ती पुटपुटत मोजू लागली. सासू आपला चेंडू तसाच धरून तिच्या हातांकडे बघत होती.

एकोणिसाव्या टाक्याला सुई चामड्यातून आरपार निघाली आणि सुनेच्या बोटाच्या पेरात शिरली. सुनेने बोट मागे घेतलं नाही; टोचल्याचं तिला कळलंच नव्हतं. पांढऱ्या चामड्यावर लाल ठिपका उमटला, दोऱ्याच्या कडेने पसरू लागला.

"वीस," सून म्हणाली, आणि तिने दोरा ओढला.