आण्णांशिवाय लग्न

सयाजीच्या नातवाचं जावळ काढलं त्या साली, म्हणजे दोन हजार तीनच्या मे महिन्यात, वर्षाराणीचं लग्न समुद्रावर ठरलं. लग्नाच्या आदल्या दुपारी सयाजी जीपमधून उतरला तो एकटाच.

वर्षाराणी फाटकाशीच उभी होती.

"काका, आण्णा कुठं हाईत?"

"न्हाय आला तुझा बा." सयाजीनं जीपचं दार धाडकन लावलं.

ती पाया पडायला वाकली, तसा तो मागं सरला. "ऱ्हाऊ दे. डोकं फिरलंय माझं."

"काय बोलले का?"

"म्हणला, लगीन लाव. आन् भित्तीकडं तोंड फिरवलं."

"आन् जवळ कोण हाय त्यांच्या?"

"शेजारचे हुसेनभाई बसल्यात. आता पुरे कर ईचारायचं."

आण्णा म्हणजे सयाजीचे थोरले भाऊ, वर्षाराणीचे वडील. बायको लवकर गेली, पोरगी त्यांनीच वाढवली. लग्न मुलीच्या दारात व्हावं आणि कोल्हापूरची अख्खी मंगळवार पेठ जेवावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण नवऱ्याकडच्यांनी देवगडच्या पुढं, निर्मनुष्य किनाऱ्यावर, नवाकोरा बंगला बांधला होता. लग्न तिथंच व्हायचं होतं.

"त्यांच्या बंगल्यावर मी पोरगी पोचवायची? मी काय त्यांचा गडी हाय?" आण्णांचा तो आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला होता. वर्षाराणीही कमी ओरडली नव्हती. बुधवारी वऱ्हाडाची बस निघाली तेव्हा आण्णा बाहेर आले नाहीत आणि ती निरोप घ्यायला आत गेली नाही. समजूत काढून भावाला घेऊन येतो, म्हणून सयाजी तेवढा मागं राहिला होता.

बंगला बघण्यासारखा होता. काचेच्या भिंती, खोल्याखोल्यांत एसी, दाराशी समुद्र आणि तरी पोहायला निळ्या फरशीची टाकी. वऱ्हाडातल्या बायका टाकीत पाय सोडून बसल्या होत्या.

"दारात एवढा समुद्र, आन् हे टाकीत डुंबत्यात!" सयाजीची बायको बयाबाई म्हणाली. "पैसा उतू गेला की असं हुतंय बघा." सगळ्या हसल्या. सयाजी तिथून उठून गेला.

मोबाइलला रेंज नव्हती. दिवाणखान्यात एक फोन होता, तेवढाच. संध्याकाळी वर्षाराणीनं तो उचलला आणि सयाजीनं तिच्या हातातून हिसकावून घेतला.

"कुणी फोन लावायचा न्हाय त्याला!"

"माझे वडील हाईत, काका!"

"असूदेत. पोरीच्या लग्नाला आला न्हाय, त्याच्या कशाला मिनत्या करायच्या?"

"मग मला बी करायचं न्हाय लगीन. जीप द्या. मी जाऊन घेऊन येते त्यांना."

"जीप परत धाडली. आन् चालत निघालीस तर तंगडं मोडीन, सांगून ठेवतो!"

गलबला ऐकून नवऱ्याची आई आली. तिनं आवाज चढवला नाही, पण शब्द कडकच होते. "हे बघा, आधी दोनदा तारीख हलली. एकदा आमच्या मुलाचं जहाज आडवं आलं, एकदा आमच्या सासूबाई गेल्या. सोमवारी तो पुन्हा बोटीवर चढतोय, मग नऊ महिने नाही. आता तिसऱ्यांदा काही निघालं तर आम्ही हे स्थळ सोडून देऊ."

वर्षाराणी खाली बसली. नवऱ्यासाठी तिनं दोन वर्षं थांबून काढली होती.

"काय निघत न्हाय," सयाजी म्हणाला. "उद्या दुपारी अक्षता पडणार."

रात्री तो जेवला नाही. बयाबाई ताट घेऊन आली तर तिच्यावरच खेकसला.

शुक्रवारी मांडव वाळूवर घातला होता. भटजींनी कन्यादानाला सयाजीला हाक मारली.

"मी न्हाय बसणार. ज्याची पोरगी त्यानं यायला पायजे हुतं." त्यानं वर्षाराणीच्या मामाकडं बोट केलं. "केरबा, तुम्ही बसा."

"पावणं, सख्खा चुलता हुबा असताना मी?" केरबा अवघडला.

"बसा म्हणलं की!"

"अवो, लोकं बघत्यात," बयाबाई पुटपुटली.

"बघू देत."

कुणीतरी कुंकवाची वाटी घेऊन कपाळाला टिळा लावायला आलं. सयाजीनं हात झटकला, वाटी वाळूत पडली. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडं बघू लागली. सयाजी मांडवाबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. मंगलाष्टकं झाली, त्यानं अक्षता हातात घेतल्या नाहीत.

विधी आटोपले तशी वर्षाराणी मुंडावळ्या बांधलेलीच त्याच्यासमोर आली.

"आण्णांचा राग माझ्या लग्नात काढलासा, काका. चारचौघांत मला मान खाली घालायला लावलीसा. कोल्हापूरला गेल्यावर मी आधी त्यांच्याकडं जाणार, पाय धरणार त्यांचं. तुमच्या दारात पाऊल ठेवणार न्हाय."

सयाजीनं भटजींना हाक मारली.

"महाराज, सप्तपदी झाली? सगळं झालं?"

"झालं की."

"आता हे लगीन कशानं मोडत न्हाय न्हवं?"

"लागलेलं लग्न कसं मोडेल?" भटजी हसले.

सयाजी वळला आणि फेट्याकोटासकट समुद्रात चालत गेला. टाकीजवळची पोरं ओरडली. "चुलत्याला उन्हानं भ्रम झाला," म्हणून कुणी खिदळलं. छातीएवढ्या पाण्यात त्यानं बुडी मारली, वर आला, पुन्हा मारली. केरबाही आधी हसत होता. मग एकाएकी थांबला, आणि त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवून हातात घेतला.

सयाजी निथळत बाहेर आला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यानं पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"राणे," तो म्हणाला, "चल, तूबी अंगावरनं पाणी घे."

आण्णा गुरुवारी, बावीस मेला सकाळी, मंगळवार पेठेतल्या घरी वारले.