कुरूप पोरांचं बेट

“माशाअल्लाह! काय गुटगुटीत बाळ आहे!” डॉक्टर बासिम मोठ्याने म्हणाला, आणि तुतीच्या झाडाखालची बायकांची रांग मोडली.

आधी रिदाच्या आईने आपलं धाकटं पोर वजनाच्या झोळीतून उचललं आणि ओढणीत गुंडाळलं. मग तिची जाऊ उठली, मग शेजारणी. जाता जाता रिदाची आई अवातिफबाईंपाशी थांबली.

“फार छान आहेत हो तुमचे नवे डॉक्टर,” ती म्हणाली आणि तरातरा चालू लागली. बघता बघता अंगण रिकामं झालं.

बासिम लशीची सुई हातात धरून उभाच. “मी काय वाईट बोललो? दृष्ट लागू नये म्हणून माशाअल्लाहसुद्धा म्हणालो की!”

“कैरोत तेवढं पुरतं, बाळा. इथे पुरत नाही.”

अवातिफबाई जिल्ह्यातल्या सगळ्या फिरत्या दवाखान्यांच्या प्रमुख. नाईलमधल्या या आमच्या बेटावर त्यांनी पहिल्यांदा दवाखान्याची होडी आणली तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. आता नातवंडं होती. बाकीची सगळी कामं त्यांनी कधीच दुसऱ्यांवर सोपवली, पण ही होडी कुणाच्या हाती दिली नव्हती. आज देणार होत्या. पुढच्या महिन्यापासून बासिम एकटा येणार. बायकांनी त्याला नाकारलं, तर होडीतून लशी यायच्या आणि तशाच परत जायच्या.

“इथल्या एकाही धडधाकट पोराला मी आजवर देखणं म्हटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “धट्टंकट्टं पोर दिसलं की म्हणायचं, शी, काय माकड आणलंयस! मग आईचा जीव भांड्यात पडतो. कौतुक केलंस की दृष्ट लागलीच म्हणून समज. होडीत तुला लशींचं सगळं सांगितलं आणि नेमकं हेच राहिलं. इतकं अंगवळणी पडलंय मेलं.”

“पण बाई, मी डॉक्टर आहे. चांगल्या निरोगी बाळाला मी माकड कसं म्हणू?”

“तोंडाने म्हण. आणखी कशाने म्हणणार?”

तेवढ्यात त्यांना झाडाच्या बुंध्याशी कुणीतरी बसलेलं दिसलं. नजात होती, पोराला पोटाशी धरून.

“तू नाही गेलीस गं?”

“माझ्या पोराला कशाची दृष्ट लागणार, डॉक्टरीणबाई? लागायला अंगावर काहीतरी हवं ना!”

ती हसत म्हणाली खरी, पण पोरावरची पकड काही सैल झाली नाही. हिवाळ्यात अवातिफबाईंनी त्या पोराचा दंड मोजला होता आणि हळूच म्हटलं होतं, “गोड आहे हो.” त्यानंतरच्या खेपेलाही तेच. ‘माकड’ ऐकायला मिळालं नाही म्हणून दोन्ही वेळा नजात घरापर्यंत रडत गेली होती. बाईंनी दिलेलं शेंगदाण्याचं वाटण ती तेव्हापासून नेमाने त्याला चाटवत होती, स्वतःच्या तोंडी घास जायच्या आधी.

अवातिफबाईंनी मोजायची रंगीत पट्टी उचलली. क्षणभर हातात धरली. मग ती बासिमच्या हातात दिली आणि स्वतः नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जड गेलं त्यांना.

बासिमने पोराच्या दंडाला पट्टी गुंडाळली. लाल आला तर धोका, पिवळा आला तर धाकधूक, हिरवा आला तर सुटलो. त्याने पाहिलं. पट्टी सोडून पुन्हा गुंडाळली, पुन्हा पाहिलं. नजात पट्टीऐवजी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

हिरवा!

त्याचा चेहरा फुलला. तोंड उघडलं आणि घाईघाईने मिटलं. त्याने मदतीसाठी अवातिफबाईंकडे पाहिलं, तर समोर त्यांची पाठ. त्याचे कान लाल झाले.

“हे… हे काय ध्यान आणलंयस गं!” तो चाचरत म्हणाला, आणि मग त्याला सूर सापडला. “नाक बघ याचं, वांग्यासारखं! आणि हे अंग! रेडकू कुठलं! होडीत बसवलं तर होडी बुडवेल हे! शी!”

नजात बघतच राहिली. मग तिने तोंडाशी हात धरला आणि जिभेने लांबलचक किलकारी फोडली, लग्नघरात नवरा दारात आला की फोडतात तशी. मातीच्या भिंतींवरून एकेक डोकं वर आलं.

“नजातच्या पोराला रेडकू म्हणाले?” रिदाची आई धापा टाकत परत आली आणि तिने आपलं पोर बासिमच्या पुढ्यात धरलं. “मग आमच्याला काय म्हणता ते सांगा. नीट बघून सांगा, उगीच आपलं काहीतरी नको.”

बासिमने नीट बघून सांगितलं. पुढच्या पोराला तो करपलेली भाकरी म्हणाला, त्याच्या पुढच्याला उंटाचं पिल्लू. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या, पोरं सुया टोचल्यावर भोकाड पसरत होती, आणि पेटीतला बर्फ वितळायच्या आत लशी संपल्या. अवातिफबाईंना हात लावायची वेळच आली नाही.

निघताना सगळ्याजणी काठावर आल्या. होडी पाण्यात सरकली तशी रिदाची आई तोंडाशी हात धरून ओरडली, “डॉक्टरीणबाई, काय हा डॉक्टर आमच्या गळ्यात मारलात! काडी पैलवान! आणि तोंड बघा मेल्याचं, वाळक्या खजुरासारखं!”

बासिमने चमकून अवातिफबाईंकडे पाहिलं. त्यांनी ओढणीने डोळे पुसले आणि लशींची रिकामी पेटी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.