बेताचा फेस

आजींनी मान पार्लरमधल्या बेसिनच्या खाचेत टेकवली. बेसिनवालीने केसांतून बोटं फिरवली. मागच्या गुरुवारी सावरीच्या कापसासारखे मऊ होऊन गेलेले केस आज काड्या होऊन आले होते. ये रे माझ्या मागल्या.

"कसे आहेत गं?" आजींनी डोळे मिटूनच विचारलं. आवाज बसका होता. दर गुरुवारी त्यांची पहिली दोन-तीन वाक्यं अशीच यायची, बरेच दिवस न काढलेल्या कडीसारखी करकरत. मग पाणी लागलं की मोकळी व्हायची.

"बघू," ती म्हणाली.

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळीच मालकीणबाईंनी बजावलं होतं, "चार महिने झाले. आज फरक दिसला नाही, तर पुढच्या गुरुवारपासून आजी पहिल्या खुर्चीवालीकडे." आणि पहिल्या खुर्चीवाली कात्री पुसता पुसता म्हणाली होती, "अगं, डोकं धुतेस की पालथ्या घड्यावर पाणी ओततेस?"

पार्लरमध्ये पहिल्या खुर्चीवर केस कापले जात, दुसरीवर रंगवले जात. ही कोपऱ्यात उभी राहून नुसती डोकी धुवायची, म्हणून हिचं नाव बेसिनवाली पडलं. तीन वर्षांत कुणी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं? तिच्यापुढे येणारा प्रत्येक जण डोळे मिटूनच असायचा. आजींनी मात्र पहिल्या दिवशी, डोळे मिटण्याआधी, विचारलं होतं, "दिवसभर पाण्यात असतात, हात चिरत नाहीत का गं तुझे?" त्या दिवसापासून साऱ्या पार्लरात तिचं स्वतःचं म्हणावं असं हे एक गिऱ्हाईक होतं.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? असे बारीक, कोरडे केस. भरभरून फेस येणारा शाम्पू लावला की होतं नव्हतं तेवढं तेलही तो ओरबाडून नेतो. म्हणून तिने फेस आणणारं सल्फेट नसलेला शोधला. पहिला एवढा जड निघाला की केस टाळूला चिकटून बसले. दुसऱ्याच्या वासाने आजींना शिंका सुटल्या. तिसरा मनासारखा मिळाला; पातळ, बिनवासाचा, बेताच्या फेसाचा. तोही तिने आधी आठवडाभर स्वतःच्या डोक्याला लावून पाहिला. शाम्पू टाळूपुरता, कंडिशनर टोकांपुरता आणि नखाएवढाच. टॉवेलने खसाखसा पुसणं नाही, जुन्या सुती कापडात अलगद टिपणं. पाणी कोमट, हात कोमट, बोलणंही कोमट. घरी मध्येच केस धुवायचे नाहीत, असं बजावलं होतं, आणि आजींनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली होती.

आता आजींचा आवाज मोकळा झाला होता. जिन्यातला दिवा गेला होता. समोरच्यांनी घर सोडलं होतं. मंगळवारी दाराची बेल वाजली होती, पण तो माणूस मजला चुकला होता. बेसिनवाली हुं हुं करत होती. तिची बोटं आज मुद्दामच सावकाश चालली होती. शेवटचं धुणं लवकर कशाला संपवायचं?

"काय गं, केस धुतेस की मोजतेस?" पहिल्या खुर्चीवालीने तिकडून हाक दिली.

"मोजू दे," आजी डोळे न उघडता म्हणाल्या. "फार नाहीत."

हसता हसताच बेसिनवालीचं बोट उजव्या कानामागे गेलं. तिथल्या अजून कोरड्या घडीत एक निळा दाणा अडकला होता. तिने तो टिपून तळहातावर घेतला, वर दोन थेंब पाणी सोडलं. दाणा विरघळला आणि त्या एवढ्याशा दाण्याने केवढा तरी फेस धरला. वास ओळखीचा होता. रोज घरी गेल्यावर ती याच पावडरीत आपला एप्रन भिजवायची.

तिने नळ बंद केला. चार महिने ती रात्रंदिवस स्वतःच्या हातांना दोष देत होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"आजी," ती खाली वाकून हळूच म्हणाली, "कपड्यांची पावडर लावता तुम्ही डोक्याला?"

"बुधवारी लावते," आजी म्हणाल्या.

"दर बुधवारी?"

"दर बुधवारी."

"अहो, पण का? माझ्या हाताला गुण नाही असं ठरलंय इथं. आज केस सुधारले नाहीत तर तुम्हाला दुसरीकडे देणार आहेत."

आजींनी डोळे उघडले. खालून, उलट्या चेहऱ्याने, तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या हाताला फार गुण आहे गं, बाळ. त्याचीच तर भीती. याआधी मी पलीकडच्या गल्लीत जायचे. ती मुलगीही अशीच गुणाची. दोन महिन्यांत केस रेशीम करून दिले, आणि म्हणाली, आजी, झालं, आता यायची गरज नाही."

बेसिनवालीने हातातला फेस धुऊन टाकला. मग नळ पुन्हा सोडला, मनगटावर पाणी पाहिलं, आणि उजव्या कानामागची घडी स्वच्छ केली. मालकीणबाई समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. "बोल. आहे का फरक?"

आजींनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"फरक आहे," बेसिनवाली म्हणाली. "पण असले केस पुरते बरे कधीच होत नाहीत, बाई. दर गुरुवारी यावंच लागेल त्यांना."