भक्कम कडी

दादाचं पोट रिव्ह्यूंवर चालायचं. डोळ्यांनीही न पाहिलेल्या वस्तूंचं तो घरबसल्या तोंडभरून कौतुक लिहायचा. कधी 'निवृत्त मास्तर' होऊन, तर कधी 'दोन लेकरांची आई' होऊन. बाईच्या तोंडून लिहिलं की माल हातोहात खपतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्याच्या माराला कंटाळून वेगळी राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या खोलीवर तो धावत पोचला, तेव्हा दार सताड उघडं होतं. नवऱ्याच्या दुसऱ्याच लाथेला कडी स्क्रूसकट उखडली होती. मग त्यानं तिलाच लाथांनी तुडवलं होतं. भिंतीवर रक्त उडालं होतं आणि तिचा उजवा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता.

"असली फालतू कडी कुणी गळ्यात मारली तुझ्या?" दादा कडाडला. "थोबाडच फोडतो त्याचं!"

"ऑनलाइन घेतली रे," ती तोंडातलं रक्त पुसत कशीबशी बोलली. "एका दोन लेकरांच्या आईनं लिहिलं होतं, 'दारुड्या नवऱ्यानं लाथा घातल्या, पण कडी जागची हलली नाही.'"

दादानं खाली पडलेली कडी उचलली; ती तो आज पहिल्यांदाच पाहत होता.

"माझं राहू दे, दादा. आधी त्या बिचारीला कळव. तिच्याही दाराला हीच कडी आहे."