म्हस व्याली का?

रेडकू खाली आलं, म्हशीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली, आणि नेमका तेव्हाच आकारामचा फोन वाजला. हात कोपरापर्यंत चिकट झालेले. त्यानं ते बनियनला पुसले न पुसले आणि फोन कानाला लावला. कागलच्या कॉलेजात अकरावीला असलेल्या निशिगंधाचा, त्याच्या पोरीचा फोन होता.

"आण्णा, म्हस व्याली का?"

"व्याली की!" आकारामनं गोठा दणाणून सोडला. "आत्ताच व्याली. रेडी झालीया, रेडी! कपाळाला पांढरा टिकला हाय बघ."

रेडा झाला की घरातली तोंडं सुतक आल्यासारखी होतात आणि रेडी झाली की पेढे वाटतात. आकारामला आज आभाळ ठेंगणं झालं होतं.

पलीकडनं निशिगंधा पुन्हा म्हणाली, "आण्णा, म्हस व्याली का?"

"अगं, व्याली म्हणतोय न्हवं! समदं बैजवार झालंय. तू गडबड करू नगंस. मैत्रिणींसंगं निवांत ये."

फोन स्पीकरवर असावा, कारण मागून स्नेहलचा आवाज आला. निशिगंधाची ही मैत्रीण बोलली की चार घरं ऐकायची. "ऐकलंस न्हवं? म्हस मोकळी झाली. आता काय निमित्त काढतीस? चल!" बाकीच्या पोरी खिदळल्या. आकारामही हसला. फोन बंद झाला.

शेजारचा बाळासो रेडीच्या नाकातला चिकटा काढत बसला होता. "कुणाचा फोन?"

"निशीचा. म्हस व्याली का म्हणून इचारत हुती."

"तिला कसं कळलं?" बाळासो म्हणाला. "सकाळी ती गेली तवा म्हस निवांत रवंथ करत बसलीती. डॉक्टरनं तर अजून पंधरा दिस सांगितल्यात."

आकारामच्या हातातला गवताचा बोळा हातातच राहिला.

हे वाक्य त्यानंच तिला शिकवलं होतं, गेल्या वर्षी. पोरगी भिडस्त. मैत्रिणींनी ओढलं की जायची, आणि भित्री म्हटलं की रडकुंडीला यायची. "नगं वाटलं की मला फोन लावायचा," त्यानं सांगितलं होतं. "इचारायचं, म्हस व्याली का? मी वरडून सांगीन, अडलीया, पळत ये घरला. मग तुला कोण भित्री म्हणणार न्हाय." म्हैस तेव्हा भाकड होती. भाकड म्हैस कशी व्यायची, म्हणून बापलेक पोट धरून हसले होते. त्यानंतर तसा फोन कधी आलाच नाही. पोरगी शहाणी झाली, असं तो मनाशी म्हणायचा. मधल्या काळात म्हैस गाभण राहिली, आणि वाक्य बदलावं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

"बाळू, फोनमधनं पाण्याचा आवाज येत हुता का रं?"

"व्हय की. मला हितंवर ऐकू आला. बंधाऱ्याचाच हुता."

आकारामला तो पाऊस वाटला होता.

चार दिवस गावाजवळच्या नदीवरल्या बंधाऱ्यावरून नडगीभर पाणी चाललं होतं. कॉलेजातून पुलावरून एसटीनं घरी यायचं तर पाऊण तास जायचा. बंधाऱ्यावरून चालत दहाच मिनिटं लागायची, आणि वर व्हिडिओ मिळायचा. परवाच दोन पोरी त्या पाण्यातून चालत आल्या होत्या आणि त्यांचा व्हिडिओ गावभर फिरला होता. निशिगंधानं तो घरी दाखवला होता. "मी न्हाय जाणार," असंही म्हणाली होती, कुणी विचारलं नसताना. तेव्हा आकाराम म्हशीला वैरण टाकत होता. त्यानं नुसतं हुं केलं होतं.

त्यानं फोन लावला. ओल्या बोटांनी दोनदा भलतीकडंच लागला. मग रिंग वाजत राहिली. दुसऱ्या खेपेला स्नेहलनं उचलला.

"काका, निशी पाण्यात हाय, मधोमध. बाकीच्या फुडं गेल्यात. फोन माझ्याकडं दिलाय तिनं. मी शेवटाला जाणार हाय."

"तिला सांग, म्हस अडलीया! वरडून सांग!" आकाराम ओरडला. रेडी त्याच्या पायाशी उभी राहायला धडपडत होती.

"पर काका, आत्ता तर तुम्हीच म्हणलासा, व्याली म्हणून."

"अडलीया म्हणून सांग म्हणतोय न्हवं!"

स्नेहलनं ऐकलं. "निशेऽऽ! तुझं आण्णा म्हणत्यात, म्हस अडलीयाऽऽ!" मग तिचा आवाज पुन्हा फोनमध्ये आला. "ऐकलं बघा तिनं. वळाय लागलीया."

वाहत्या बंधाऱ्यावर अर्ध्यातून कुणी वळत नाही. वळताना एक पाय उचलावा लागतो, सगळा भार दुसऱ्या पायावर येतो, आणि पाण्याला तेवढंच पुरतं. नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. निशिगंधालाही ठाऊक होतं. पण बापाचं बोलावणं आलं होतं.

"वळू नगंस म्हणावं!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की म्हैस बुजून दावं ओढायला लागली. "मागं फिरू नगंस म्हणावं! त्या पोरींच्या मागनं जा म्हणावं तिला! त्यांच्या मागनंच जा!"