सासूचं तोंड

सुनेची एक खोड सासूबाईंच्या डोक्यात जायची. केलेलं खरवडायची. दिवसभर कापडावर रंग चढवायचा आणि उजेड गेला की पातळ सुरी घेऊन तो सगळा उतरवायचा. एवढ्या रंगात कोणी अख्खं घर आतून-बाहेरून रंगवून काढलं असतं. आणि खरवडायची तरी काय, तर सासूचं तोंड.

बसवायची ती खिडकीजवळच्या खुर्चीत. नाक खाजवायचं नाही, जांभई द्यायची नाही आणि चित्र पुरं होईपर्यंत बघायचं तर मुळीच नाही. सासूबाई बसल्या. उभ्या जन्मात त्या एवढ्या गप्प बसल्या नव्हत्या. मुलगा तसं हसून म्हणाला, तेव्हा साठलेलं सगळं त्यालाच ऐकावं लागलं.

हात चालवता चालवता सून बोलायची. रंग लावायला कोणीही शिकवतं, आई, पण थांबायला कोणी शिकवत नाही, म्हणायची. रोज तेच तेच बघून डोळा निर्ढावतो, त्याला चूक दिसेनाशी होते. म्हणून तिने आपल्या पाठीमागे भला मोठा आरसा टांगला होता. मधूनच मान वळवून चित्र त्यात बघायची. आरशात ते उलटं पडतं, दुसऱ्याच कोणी काढल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याच्या चुका लगेच दिसतात, असं तिचं म्हणणं. हे मात्र सासूबाईंना पटलं. शेजारणीच्या घरातली धूळ त्यांनाही आधी दिसायची.

आज चित्र प्रदर्शनाला जायचं होतं. सुनेचं पहिलंच. दुपारपर्यंत पोचलं नाही तर भिंतीवरची तिची जागा दुसऱ्या कोणाला मिळणार होती. सासूबाईंनी सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि वर ही बाई चित्रापुढे उभी. हातात सुरी.

"काहीतरी चुकलंय," सून म्हणाली. "मला सापडत नाहीये. तुम्हीच बघा, आई."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पहिल्यांदाच चित्राच्या पुढच्या बाजूला आल्या. नीट बघितलं.

"ही कोण? चामखीळ भलत्याच गालावर. भांग भलतीकडे. मी नाही ही."

सून वाद घालेल असं त्यांना वाटलं होतं. पण चेहरा उतरला तिचा, आणि सुरी चित्रातल्या गालाकडे गेली.

ते काही सासूबाईंना बघवेना. त्यांनी पाठ फिरवली, तर समोर आरसा.

आरशात त्या दोनदा होत्या. एक उभी, एक कापडावर. चामखीळ दोघींची एकाच बाजूला. भांगही. तेच घट्ट मिटलेले ओठ, तीच कोणाला न विचारता वर उचललेली हनुवटी.

त्यांनी पुन्हा वळून चित्र बघितलं. मग गालावरची चामखीळ बोटाने चाचपली. आपलं तोंड त्यांनी जन्मभर आरशातच बघितलं होतं, उलटं. फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यात सगळेच बावळट दिसतात. म्हणजे जगाला त्या अशा दिसत होत्या तर. चामखीळ या गालावर, भांग इकडे, आणि ही हनुवटी. उगाच नाही वाणी त्यांना बघून काटा पुन्हा तपासायचा.

खाली हॉर्न पुन्हा वाजला. सासूबाईंनी सुनेचं मनगट धरलं आणि तिच्या बोटांतून सुरी काढून घेतली. पदराला रंग लागला, लागू दिला.

"पण आई, तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हणाले असेन. थांबायला कोणी शिकवत नाही म्हणतेस ना? मी शिकवते. हे तोंड असं व्हायला माझा अख्खा जन्म गेला, आणि तू ते जसंच्या तसं उतरवलंस. आता त्याला हात लावणारी तू कोण?"