ह्यांच्या जागी

पिरॅमिडजवळच्या थडग्यात गाइड सांगत होता, मेलेल्या माणसासोबत त्याचे आवडते पदार्थही पुरायचे. हे गेल्यावर ह्यांच्या जागी सहलीला आलेली माझी नणंद सगळ्या ग्रुपला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या दादाला मात्र शेवटी चमचाभर बासुंदीही मिळाली नाही."

ह्यांची शुगर चारशेच्या वर असायची.

चार दिवसांनी केनियात आमच्या उघड्या जीपला खेटून सिंहीण उभी राहिली. ड्रायव्हरने ओठांवर बोट ठेवलं. नणंदेने माझं मनगट गच्च धरलं. तिचा हात गार पडला होता.

मी तिचं एकेक बोट सोडवलं.

"डायलिसिसच्या वेळी तुमच्या दादाचा हात असाच गार पडायचा, वन्सं," मी हळूच म्हटलं. "दोन वर्षांत एकदा तरी धरायला यायचं होतंत."